मोजणी चालू असताना

आई, गेल्या महिन्यात लातूरला जाऊन मी एक कॉम्प्युटर आणला. कॉम्प्युटर म्हणजे तळहाताएवढी हिरवी पट्टी, ना डबा ना स्क्रीन. तू असतीस तर उलटीपालटी करून म्हणाली असतीस, "ह्याचं बाकीचं कुठं हाय?" मी मोबाइलवर बघून सगळा संच घ्यायचा ठरवून गेले होते, तर दुकानदारानंच अडवलं. "समदं कशाला घेता ताई? घरी टीव्ही हाय न्हवं? मग स्क्रीन घेऊ नका. कीबोर्ड-माउस जुनं चालतंय." मी लगेच हुशारी दाखवली, म्हटलं, मग चार्जरही मोबाइलचाच लावते. "ते न्हाई जमायचं. करंट कमी पडला की सारखं बंद पडतंय. चार्जर आन् मेमरी कार्ड चांगलं घ्या, बाकी कायबी स्वस्तातलं घ्या." ऐकताना तूच बोलतेयस असं वाटलं. मुरुडच्या आपल्या दुकानात जळालेली मोटर घेऊन आलेला माणूस हलकी तार भरा म्हणाला, की तू त्याला असंच सुनवायचीस. रंग लावू नका, नटबोल्ट जुने ठेवा, पण तांब्याच्या तारेत हात आखडू नका. मी मुकाट्यानं चार्जर घेतला. शिवाय तारेचे फेरे मोजायला, चुंबक जवळ आलं की कळवणारा एक बारका सेन्सर आणि चार वायरी. "नुसतं फेरं मोजायचं असंल तर याहून बारकं बोर्डबी चालतंय," तो म्हणाला. मोजायचं यंत्र तयार मिळतं, हेही मला माहीत आहे. पण हे मला माझ्या हातानं करायचं होतं. का, ते त्याला सांगितलं नाही.

तारेची कॉइल गुंडाळायच्या आपल्या वाइंडिंग मशीनचा फेरे मोजणारा काटा बाबांच्या काळातच मोडला होता, आणि बाबा गेल्यावर दुकान तुझ्याकडे आलं तरी तू तो कधी बसवू दिला नाहीस. तोंडानं मोजलेलं तेच खरं, हा तुझा हेका. उजव्या हातानं हँडल फिरवायचं, डाव्या हाताच्या बोटांतून तार सोडायची आणि पुटपुटत मोजायचं. मध्येच कुणी आलं तर बोलायचं नाही, हनुवटीनं बाकाकडे खूण करायची. गावचा सरपंचसुद्धा त्या बाकावर शाळेतल्या पोरासारखा गप्प बसायचा. एकदा मी शाळेतून धावत आले आणि बक्षीस मिळाल्याचं ओरडून सांगितलं. तुझा आकडा गेला. तू अख्खी कॉइल उसवलीस आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस. संध्याकाळी स्वयंपाकघरात भाकरीवर शेंगदाण्याची चटणी वाढताना म्हणालीस, "आता सांग, काय मिळालं?" मी सांगितलं नाही. दोघी सारख्याच हट्टी.

आणि तो उन्हाळा. दुकानात पंख्यांची रांग लागलेली. त्या आठवड्यात मी भरलेले दोन पंखे परत आले, फेरे कमी पडून तापत होते. गिऱ्हाइकासमोर तू म्हणालीस, "इतकी वर्सं झाली, अजून मोजता येईना व्हय तुला?" मला फार लागलं ते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पंख्याची कॉइल भरतेय, ओठ हलतायत, आणि तू घरातून दुकानाच्या दारात येतेस. गळ्याखाली हात धरलेला, चेहरा घामानं भिजलेला. मी हनुवटीनं बाकाकडे खूण करते. तू बसतेस, एखाद्या गिऱ्हाइकासारखी. एकदा तुझे ओठ उघडतात आणि तू ते पुन्हा मिटतेस. मी हँडल फिरवत राहते. कॉइल उतरवून मी "काय गं?" म्हटलं, तेव्हा तू भिंतीला टेकली होतीस आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. लातूरला पोचायच्या आधी, रस्त्यातच तू गेलीस. लोक अजून कौतुकानं सांगतात, मायलेकींनी धंद्याची शिस्त शेवटपर्यंत पाळली म्हणून. मी मान डोलावते.

बोर्ड मला सहजासहजी वश झालं नाही. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून बघून प्रोग्राम लिहिला, तरी आकडा चार दिवस शून्यावरच. सेन्सर उलटा लावला होता. आता हँडलच्या चाकाला चुंबक चिकटवलंय, आणि चाक एकदा फिरलं की टीव्हीवर आकडा एकानं वाढतो. परवा आपले जुने गिऱ्हाईक, ते पंपाचा स्टार्टर दुरुस्तीला आणणारे काका, दारात आले. मी हँडल न थांबवता म्हटलं, "या काका, काय झालं?" ते दचकले आणि सवयीनं बाकावर जाऊन गप्प बसले. मी म्हटलं, "बोला की, मशीन मोजतंय." ते बोलायला लागले आणि मला रडू कोसळलं. एका पिशवीत मावणारं सामान, आई. एवढंच लागत होतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, वाचायला तू नाहीस, म्हणून लिहायचं धाडस होतंय. त्या दुपारी तू दारात यायच्या आधीच माझा आकडा चुकला होता. शंभराच्या पुढं कुठंतरी हरवला. पुन्हा बोलणी खायची नव्हती, म्हणून मी नुसतेच ओठ हलवत होते. तू ज्या मोजणीसाठी गप्प बसलीस, ती चालूच नव्हती.