वेदरगिलची पांढरी टाचणी

ऑक्सनशॉ, यॉर्कशर
रविवार, १३ सप्टेंबर १९८१

प्रिय एनिड,

तुझं पत्र आणि नकाशाची प्रत मंगळवारी पोचली. आम्ही दोघं बरे आहोत. डोरीनचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, पण चॅपेलमध्ये सुगीच्या प्रार्थनेची सजावट करायला ती सगळ्यांच्या आधी हजर. यंदा भोपळे मोठे आहेत आणि माणसं कमी.

नकाशा डोरीनने कौतुकाने स्वयंपाकघरात लावला होता. मी तो काढून कपाटात ठेवला. वाफेने खराब झाला असता.

तुझ्या चिकाटीला मात्र मानलं, पोरी. रेडिंगच्या वाचनालयात बसून देशभरातल्या टेलिफोन डिरेक्टऱ्या चाळायच्या, आणि साऱ्या ब्रिटनमधून लाउटनेक आडनावाची एकतीस घरं शोधायची! एक कार्डिफला, दोन हलला, चार लंडनकडे, आणि उरलेली चोवीस आपल्या या एका रेल्वेमार्गावर, जपमाळेसारखी ओवलेली. तू विचारतेस, एक स्टेशन सोडून एक असंच का? ते आजोबा सांगायचे, तू लहान होतीस. पहिला लाउटनेक जर्मनीतल्या एटनहोफहून आला तो आजोबांचा काका. त्याने गावाकडून एकेक पुतण्या आणवला, डुकराचं मांस कापायला आणि सॉसेज भरायला शिकवलं, आणि शिकून तयार झाला की दोन स्टेशनं पुढे दुकान घालून दिलं. मधलं एक गाव सोडायचं. एका भावाचं गिऱ्हाईक दुसऱ्याने खायचं नाही, पण अडीअडचणीला गाडी धरून तासाभरात पोचता आलं पाहिजे. असा तो नियम होता.

एटनहोफच्या पाद्रीबुवांनी तुला कळवलं, की जुन्या नोंदवह्यांतही हे नाव तेवढ्या एकाच गावात सापडतं, आज तिथे चार घरं आहेत आणि चारही एकाच कुळातली. म्हणजे आपल्या घरात जे नेहमी म्हटलं जायचं, ‘तिकडे हे नाव गल्लोगल्ली सापडतं’, ते खरं नाही, असं तू लिहितेस. असेल. पाद्रीबुवांनी तरी किती वह्या पाहिल्या असतील?

वेदरगिलच्या त्या मिस ओ. लाउटनेकबद्दल. नात्यातल्या घरांना तू लाल टाचण्या लावल्यास आणि हिच्यापुढे पांढरी. “दोन तर स्टेशनं आहेत, जाऊन विचारून ये,” म्हणतेस. सध्या दुकानातून सुटका नाही गं. शिवाय नुसतं नाव सारखं असू शकतं. असतं तसं.

मुलांना आशीर्वाद. जॉनची परीक्षा कशी झाली ते कळव.

तुझा,
सिरिल


ऑक्सनशॉ
रविवार, ११ ऑक्टोबर

प्रिय एनिड,

तू चिडलीस. चिडणं बरोबर आहे. “जगात एकाच गावात असलेलं आडनाव, आपल्या नियमाप्रमाणे बरोब्बर दोन स्टेशनांवर, आणि तू म्हणतोस नुसतं नाव सारखं? तू सॉसेज विकतोस की थापा?” हे वाक्य मी डोरीनला वाचून दाखवलं नाही. ती तुझ्याच बाजूने बोलली असती.

तू फोन केला होतास तेव्हा मी घरातच होतो. डोरीनला बाहेर गेलोय म्हणून सांगायला लावलं. फोनवर मला बोलायला जमत नाही. कागदावर निदान थांबता येतं.

आज दुसरंच काही लिहितो. आजोबा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि तू दोनची, म्हणून तुला आठवणार नाही. आपल्या आळीत दर शनिवारी बायका दाराची पायरी घासून तिच्यावर खडूसारखा दगड फिरवून ती पांढरी करायच्या. आपल्या घरी ते काम आजोबा करायचे. आजी धडधाकट होती, मोलकरीण होती, तरी स्वतः. गुडघे टेकून. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थट्टा करायच्या, “जॉर्जबुवा, आमची पण घासून द्या की!” आजोबा हसायचे नाहीत. पायरी घासून झाली की मागच्या दाराने घरात यायचे. पुढच्या दाराने ते कधी आत-बाहेर करत नसत. आजी म्हणायची, १९१५ सालच्या मे महिन्यापासून.

आणखी एक. आपल्या परसात कोंबड्या होत्या, कोंबडा कधीच नव्हता. शेजारच्या हार्डकासलने एकदा आणला, तर आजोबांनी तो दुप्पट पैसे देऊन विकत घेतला आणि त्याच दिवशी कापला. गुड फ्रायडेला चॅपेलमध्ये पेत्राचा अध्याय वाचायला घेतला, कोंबडा आरवायच्या आत तो येशूला तीनदा ‘मी ओळखत नाही’ म्हणतो तो, की ते शेगडी बघायच्या निमित्ताने उठून बाहेर जायचे. पुढे बाबाही जायला लागले. मी त्याला घराण्याची सवयच समजत होतो. आता तो अध्याय वाचायची पाळी माझ्यावर आहे, आणि गेली दोन वर्षं मी खोकल्याचं कारण सांगून तो दुसऱ्याला देतो.

आणि ती बाई. ती तुला आठवत असेल. दर वर्षी मेच्या दुसऱ्या शनिवारी यायची. निळी टोपी, हातात जाळीची पिशवी. रांगेत उभी राहायची, एक लहान पोर्क पाय, आपली ती खिमा भरलेली भाजकी पेस्ट्री, घ्यायची, दारात थांबून वर पाटीवरचं नाव वाचायची आणि जायची. बाबा तिला बघितलं की मागे मांस आणायला जायचे. मग मोजून द्यायला आई पुढे यायची. तू एकदा विचारलं होतंस, “ती बाई रोज का नाही येत?” त्यावर आईने तुला विनाकारण एक चापट मारली होती.

ती अजून येते. या मेमध्येही आली होती. काठी टेकत.

प्रार्थनेची वेळ झाली. थांबतो.

सिरिल


ऑक्सनशॉ
रविवार, २२ नोव्हेंबर

प्रिय एनिड,

तू माझी वाट न बघता वेदरगिलला पत्र टाकलंस, आणि उत्तर शेजारणीकडून आलं. मिस ओटिली लाउटनेक, वय बहात्तर, तिथल्या छोट्या इस्पितळात आहेत. डॉक्टरांनी एप्रिलमध्येच सांगितलं होतं, की वर्ष निघणार नाही. जवळचं कोणी नाही. शेजारणीचं पत्र तू जसंच्या तसं मला पाठवलंस, वर स्वतःचा एक शब्दही न लिहिता. ते लागलं. ‘एप्रिल’ हा शब्द मी किती वेळा वाचला असेन! म्हणजे मेमध्ये ती आली तेव्हा तिला माहीत होतं.

आता सगळं लिहितो.

आजोबांना एक धाकटा भाऊ होता. फ्रिट्झ. वेदरगिलचं दुकान त्याचं. बायको इथलीच, मार्था नावाची, आणि एक मुलगी. १९१५च्या मेमध्ये, पहिल्या लढाईच्या रागात, इथल्या जर्मनांची दुकानं फोडली गेली, त्यात शनिवारी दुपारी त्याचं दुकान गेलं. डुकरं रस्त्यात टाकली, पिंप फोडली, वरच्या मजल्यावरून पियानो खाली लोटला. फ्रिट्झने बायको-मुलीला घेऊन गाडी धरली आणि दोन स्टेशनं पुढे उतरून भावाकडे आला. नियम तोच होता ना. पण गाडीतून उतरतानाच लोकांनी त्याला ओळखलं होतं. आपल्या दारात येईपर्यंत मागे पन्नास-साठ माणसं होती, आणि सोबत एक पोलीस.

आजोबा पायरीवर आले. ते इथले नागरिक झाले होते. थोरला मुलगा, आपला अल्बर्टकाका, फ्रान्समध्ये खंदकात होता, त्याचा गणवेशातला फोटो दुकानाच्या काचेत लावलेला होता. पोलीस म्हणाला, “जॉर्ज, हे तुझे का? आडनाव एकच सांगतोय हा.” आजोबा म्हणाले, “नाव सारखं आहे. तिकडे हे नाव गल्लोगल्ली सापडतं. मी या माणसाला ओळखत नाही.” आणि दार लावून घेतलं.

फ्रिट्झला पायरीवरूनच नेलं. पुढे मॅन बेटावर जर्मनांना डांबलं होतं त्या छावणीत दोन वर्षांनी तो निमोनियाने गेला. मार्थाने लोकांच्या घरच्या फरशा पुसून मुलीला वाढवलं. ती मुलगी ओटिली. म्हणजे बाबांची चुलत बहीण. तुझी-माझी आत्या.

हे बाबांनी शेवटच्या आजारात सांगितलं. स्वतःचंही सांगितलं. आजोबांच्या अंत्ययात्रेला ती आली होती, शवपेटीमागे चार पावलं चालू द्या म्हणाली. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, “फक्त घरचे. बाईंचं नुसतं नाव सारखं आहे.” नंतर चाळीस वर्षं ते मांस आणायला मागे जात राहिले. मला म्हणाले, “तू तसं करू नकोस.” मी त्यांचा हात धरून वचन दिलं.

आता माझं.

या मेची ती शनिवारची सकाळ. रांग दारापर्यंत. ती पुढे आली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोर्क पाय मागायच्या आधी काही बोलली.

“सिरिलच ना तू?”

“हो, बाई.”

“पाटीवरचं नाव माझंही आहे. वेदरगिलच्या लाउटनेकांचे तुम्ही कोणी लागता का?”

मागून बटरवर्थबाई खिदळल्या, “अगं बाई! सिरिल, जर्मनीहून वऱ्हाड आलं की काय तुझं?” सगळी रांग हसली. चांगलीच माणसं गं. कोणी दगड मारणार नव्हतं, कोणी पियानो फेकणार नव्हतं. दुसरी लढाईही संपून छत्तीस वर्षं झाली. मला कशाची भीती होती, ते मी आजही देवापुढे सांगू शकत नाही.

मी म्हणालो, “नाही हो. तिकडे हे नाव गल्लोगल्ली सापडतं.”

एनिड, ते वाक्य मी जुळवलं नाही. ते या घरात होतंच, मसाल्याच्या डब्यासारखं, हात नेला की सापडेल अशा जागी. सूरसुद्धा आजोबांचा होता. त्यांच्यासारखाच ‘गल्लोगल्ली’वर जोर.

तिने जाळीची पिशवी पुढे केली. मग म्हणाली, “असं होय. बरं, मग एक लहान पोर्क पाय दे.” पायरीवरून उतरताना तिची काठी घसरली. तिला सावरलं ते बटरवर्थबाईंनी. मी गल्ल्याच्या मागेच होतो.

तेव्हापासून मी पुढच्या दाराने जात नाही. हे डोरीनच्या लक्षात आलंय. शनिवारी पायरी घासतो तेव्हा दगड सगळीकडे सारखा वाळतो, पण तीन जागा ओल्या राहतात. दोन मोठ्या आणि मध्ये एक लहान. दगड झिजलाय, पाणी साठतं, हे मला कळतं. दुसरं काही मी म्हणत नाही. पण त्या जागांवर माझा पाय पडत नाही.

आपल्या आडनावाची कुळकथा तू चार वर्षं शोधते आहेस. मी ती दोन वर्षं खिशात घेऊन फिरत होतो. तुझा नकाशा कपाटात ठेवला तो वाफेमुळे नाही.

बुधवारी दुकान अर्धा दिवस असतं. एक लहान पोर्क पाय कागदात बांधला, एकची गाडी धरली. पुढच्या दाराने निघालो. इस्पितळाच्या दाराशी सिस्टर बसलेली. म्हणाली, “मिस लाउटनेकना फक्त नातेवाईकांनीच भेटायचं. तुम्ही कोण त्यांचे?”

“भाचा,” मी म्हणालो. “ती माझी आत्या. माझे आजोबा आणि तिचे वडील सख्खे भाऊ.” आवाज जरा मोठाच निघाला असावा. बाकावरची माणसं बघायला लागली.

“अहो, मग इतके दिवस होतात कुठे?” सिस्टर म्हणाली. “थांबा, सांगते त्यांना.”

ती आत गेली. दार अर्धवट उघडं होतं. मला पलंगाचा पायाकडचा भाग तेवढा दिसत होता आणि खुंटीवर ती निळी टोपी. आतून बारीक, पण स्पष्ट आवाज आला.

“मला भाचा नाही, सिस्टर. तिकडे हे नाव गल्लोगल्ली सापडतं.”

सिस्टर ओशाळून बाहेर आली. म्हणाली, “औषधाने कधीकधी असं होतं हो, भलतंच बोलतात.” मी म्हणालो, “भलतं नाही. त्यांना सगळं नीट आठवतंय.” आणि बाहेरच्या बाकावर बसलो. पोर्क पायचं पुडकं मांडीवर. एटनहोफपासून इथवर आपल्या घराण्यात दाराबाहेर कोणी किती वेळ थांबलं असेल, याचा विचार करत बसलो. मग विचारही थांबला. प्रार्थना मात्र नीट झाली, बऱ्याच दिवसांनी.

चार वाजता निघालो. पोर्क पाय सिस्टरकडे दिला. शुक्रवारी दुकान डोरीनवर सोपवून पुन्हा गेलो. सिस्टर म्हणाली, “नाही म्हणतात. पण पोर्क पाय खाल्ला. मीठ जास्त आहे म्हणाल्या.” बसलो. काल शनिवार, गिऱ्हाईक सोडून गेलो. बटरवर्थबाईंना सगळ्या रांगेदेखत सांगितलं, कुठे जातोय आणि कुणाकडे. कोणी हसलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “मग त्या दिवशी बोलला का नाहीस, मूर्खा? मी माझ्या हाताने धरून तिला खुर्ची दिली असती.”

काल साडेतीनला सिस्टर बाहेर आली. तिच्या हातात रिकामी बशी होती. म्हणाली, “तुम्हाला बोलवत नाहीत अजून. पण तिसऱ्यांदा विचारलं, तो माणूस बसलाय का म्हणून.”

मी म्हणालो, “सांगा, बसलाय.”

एनिड, मी उद्या जाणार, परवाही जाणार. ती आत बोलवेल की नाही, किती दिवस हातात आहेत, ते देवाला ठाऊक. तू पहिल्या गाडीने ये. बाकावर दोघांपुरती जागा आहे. आणि घर सोडण्यापूर्वी वेदरगिलची पांढरी टाचणी काढ, तिथे लाल लाव. तिने ‘नाही’ म्हटलं तरी लाव. ‘नाही’ म्हणायचा हक्क तिचा आहे. आपला संपला.

तुझा भाऊ, आणि फ्रिट्झच्या ओटिलीचा भाचा,
सिरिल लाउटनेक