डोंगरात नाव घ्यायचं नाही

कुमानोसावा,
१९ फेब्रुवारी १९८८

चि. किनुए हिला इवाओकाकाचे आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. इथे बर्फ कमरेएवढा साचलाय. तुझ्या माहेरच्या छपरावरचा कालच काढला, माझी कंबर अजून कुरकुरतेय. मुळ्याचं लोणचं वेगळं पाठवलंय, पोरांना जरा खारट लागेल.

तू एकच विचारलंस, बाबा शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का. सहा वर्षांचा तुमचा अबोला, तू हे विचारणारच. अंत्यविधीला आलीस तेव्हा मी तुझी नजर चुकवत होतो.

त्या दिवशी शिकारीत मारलेलं अस्वल मोठं होतं. पूर्वी असलं धूड सात जण वाहून आणायचे. आता तुझा बाप तोकुजी आणि मी, दोघेही सत्तरीचे. मांसाचा तुकडाही डोंगरात सोडायचा नाही, हा आपला रिवाज. जड ओझं त्यानेच उचललं. म्हणाला, "तुझे गुडघे म्हणजे गंजलेली बिजागरं. तू आपलं कातडं घे आणि थोडं मांस."

उतारावर तो थांबला. चेहरा पांढराफटक. म्हणाला, "इवाओ, किनुएला सांग..."

तुला ठाऊक आहे, डोंगरात बाईमाणसाचं नाव घेत नाहीत. डोंगराची देवी मत्सरी आहे, बर्फाचा कडा अंगावर लोटते. आणि म्होरक्या मी. मी खेकसलो, "तोंड आवर. घरच्या गोष्टी घरी."

तो मुकाट चालू लागला. चाळीस वर्षांत त्याने डोंगरात माझा शब्द मोडला नव्हता. वीसेक पावलांवर ओझ्यासकट खाली बसला, तो उठलाच नाही. मी त्याला गदागदा हलवलं. "बोल बाबा, किनुएला काय सांगू?" तुझं नाव मीच घेतलं, ओरडून, कितीदा तरी. तो गेला होता.

मांस तिथेच टाकलं. त्याला कातड्यावर निजवून, केसांच्या दिशेने ओढत खाली आणलं. तसं ओढलं की कातडं बर्फात अडत नाही. दोन दिवसांनी वर गेलो तर कोल्ह्यांनी हाडंही ठेवली नव्हती.

आठवडाभर मी गोड वाक्यं जुळवत बसलो होतो. त्याने तुला माफ केलं, तुझी आठवण काढली, असलं काहीबाही. एकही लिहवलं नाही. तो रागाने बोलणार होता की मायेने, मला खरंच माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही, पोरी, आणि ते माझ्यामुळे.

उत्तराची वाट बघणार नाही.

तुझ्या बापाला गप्प बसवणारा,
इवाओ