दगडांच्या राशीपलीकडे

जुरोंग ईस्ट,
शुक्रवार, १७ नोव्हेंबर २०१७

प्रिय उल्का,

काल तुझ्याकडून निघाले ती हौगांगच्या स्टेशनात प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून राहिले. चार गाड्या सोडल्या. वर येऊन पुन्हा तुझी बेल वाजवावी, असं प्रत्येक गाडी गेल्यावर वाटत होतं, पण धीर झाला नाही. म्हणून आज हेमचंद्र ऑफिसला गेल्याबरोबर लिहायला बसले. समोर येऊन सांगायला गेले असते तर तू माझा हात धरला असतास, आणि तू हात धरलास की मी गप्प होते. गेले तेरा महिने दर गुरुवारी तेच होतंय. मी डब्यात खिचडी आणि भरीत घेऊन येते, तू म्हणतेस, "मीनल, तू होतीस म्हणून मी वाचले," आणि मी उठून भांडी विसळायला जाते.

काल गार्गी शाळेतून आली आणि दप्तर टाकायच्या आधी मला इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आंटी, ममी कॅन क्लाइम्ब टेन स्टेप्स ऑलरेडी, लाह." केवढा अभिमान होता तिच्या तोंडावर. नऊ वर्षांची पोर, पण तू खुर्चीतून उठायला लागलीस की हातातलं सोडून काठी आणून देते, आणि आपण काही विशेष करतोय असं तिच्या गावीही नसतं. मी तिच्याकडे बघू शकले नाही. बाकी इकडचं सांगण्यासारखं फार नाही. माझे योगाचे वर्ग बंद आहेत. गुडघा दुखतो असं मी सगळ्यांना सांगितलंय, तुलाही. गुडघ्याला काहीही झालेलं नाही. दहा माणसांसमोर उभं राहून 'शरीर काय सांगतंय ते ऐका' असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तुला आठवतं, तू पहिल्यांदा आलीस ती त्या वर्गालाच. आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत शनिवारी सकाळी आठ बायका चटया टाकायच्या, आणि पलीकडे म्हातारे चिनी आजोबा पट मांडून बसलेले असायचे. तू वन-नॉर्थच्या तुझ्या प्रयोगशाळेत कुणाकडून तरी ऐकून आली होतीस. शवासनात सगळ्या शांत पडल्या असताना त्या आजोबांपैकी एकाने सोंगटी आपटली आणि तुला हसू आवरेना. तू हसलीस म्हणून मीही हसले, आणि त्या दिवशी खाण्याच्या गाळ्यांपाशी, हॉकर सेंटरमध्ये, कॉफी पिता पिता आपण दोन तास बोललो. सहा वर्षं मी या देशात हेमचंद्रची बायको म्हणून होते. माझ्या इथे राहण्याच्या पासवरही तेच लिहिलेलं. मला माझ्या नावाने ओळखणारं इथलं पहिलं माणूस तू.

म्हणूनच तो मंगोलियाचा बेत मी सर्वांत आधी तुला सांगितला. गरुड घेऊन शिकार करणारी भटकी कझाक माणसं, त्यांच्या तंबूंशेजारी आपले तंबू, सकाळी योग आणि दिवसभर घोड्यावर डोंगरात. आठ दिवस. माझं स्वतःचं असं ते पहिलं काम होणार होतं. किमान चार नावं हवी होती आणि पहिलं नाव तू दिलंस. तुला रजा नव्हती, गार्गीची परीक्षा होती, घरी निशिकांत कुरकुरत होता. तू म्हणालीस, "माझ्या नावाने तुझी सुरुवात होत असेल तर मी येणार."

पहिले चार दिवस तुझ्या लक्षात आहेत, ते तू गार्गीला रंगवून सांगतेस. मीठ घातलेला दुधाचा चहा, साइलाउ आजोबांच्या मुठीवर बसलेली ती मादी गरुड, तिच्या डोळ्यांवरची कातड्याची टोपी. हाताला एवढा भार होतो म्हणून खोगिरालाच लाकडी टेकू लावलेला असतो, हे तू प्रयोगशाळेतल्यासारखं वाकून बघितलं होतंस. दहा वर्षं सांभाळून आम्ही तिला डोंगरात परत सोडतो, असं आजोबा म्हणाले, तेव्हा तू दुभाषी बोताकोझला विचारलंस, की सोडताना यांना रडू येतं का. तिने ते विचारलंच नाही, स्वतःच मान डोलावली. त्याच्या पुढचे दोन दिवस तुझ्याकडे नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, त्या आठवणी परत येणार नाहीत. त्यांच्या जागी तुझ्याकडे फक्त मी सांगितलेलं आहे. ते मी खोटं सांगितलं, उल्का. आता खरं सांगते, आणि काही गाळत नाही.

पाचव्या दिवशी दुपारपासूनच तुझं डोकं दुखत होतं. सहाव्या दिवशी सकाळी तू अंथरुणातूनच म्हणालीस, "आज मी तंबूतच थांबते. उंचीचा त्रास होतोय." मला त्या दिवशी कड्यावरचं चित्रण करायचं होतं. तुम्ही चौघी वीरभद्रासनात, वर गरुड. पुढच्या वर्षीच्या जाहिरातीसाठी. बाकी तिघी घोड्यावर अजून घाबरत होत्या, एकट्या तुझंच त्या तपकिरी घोडीशी जमलं होतं. मी तुझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "गार्गीला काय सांगणार? आई मंगोलियात जाऊन झोपली?" तू उठून बूट घातलेस.

वर जाताना वाटेत दगडांची एक मोठी रास होती, निळी कापडं बांधलेली. साइलाउंनी तिथे आपल्याला थांबवलं आणि बोताकोझने त्यांचं म्हणणं सांगितलं: वारा वाढलाय, पाहुण्यांनी याच्या पुढे यायचं नाही. ते गरुड घेऊन वरच्या कड्यावर गेले. खाली उतारावर त्यांची सून घोड्यामागे कोल्ह्याचं कातडं ओढत नेणार होती, आणि गरुड वरून झेपावून ते धरणार होती. बोताकोझ मागे राहिलेल्या तिघींना आणायला परत फिरली. राशीपाशी तू आणि मी, दोघीच होतो. तू तिथे थांबली होतीस. माझ्या कॅमेऱ्यात तू आणि कडा एका चौकटीत येत नव्हता. मी म्हणाले, "जरा वर जा ना, वीसएक पावलं." तू म्हणालीस, "ते नको म्हणालेत मीनल." हे तुझे शब्द आहेत, जसेच्या तसे. मी म्हणाले, "त्यांचं मी बघते. माझ्यासाठी एवढं कर." आणि हात लांब करून तुला जागा दाखवली. तू गेलीस. गरुड खाली येताना तुझ्या घोडीच्या डोक्यावरून गेली, अगदी जवळून, घोडी उधळली आणि तू त्या घसरड्या दगडांवर पडलीस. मला वाटलं, तू गेलीस.

सगळे धावत आले. बोताकोझने विचारलं, "त्यांना तिकडे कुणी पाठवलं?" माझ्या तोंडून निघालं, "ती स्वतःच गेली." मी ते ठरवून बोलले नाही, पण बोलले. तेवढ्यात साइलाउ कड्यावरून उतरून आले आणि कझाकमध्ये काहीतरी म्हणाले. बोताकोझ घुटमळली, मग तिने सांगितलं, "ते म्हणतात, मी हात पाहिला." मी म्हणाले, "मी तिला परत बोलावत होते." म्हाताऱ्याने आपल्या तंबूतला लोकरीचा जाड गालिचा तुझ्याखाली घालायला आणला. इस्पितळापर्यंत जीपने पाच तास त्याच गालिच्यावर आपण गेलो. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी मनात पुढच्या प्रश्नांची उत्तरं जुळवत होते.

मग निशिकांतचा फोन आला. "कुणी सांगितलं होतं तिला पुढे जायला?" मी म्हणाले, "कुणी नाही. तिने ऐकलं नाही." सहल कंपनीच्या कागदावरही तेच लिहिलं, खाली सही केली. त्या कागदामुळे साइलाउंवरही ठपका आला, पाहुण्यांवर लक्ष ठेवलं नाही म्हणून. आता त्यांच्याकडे कुणाला पाठवत नाहीत, असं बोताकोझने मार्चमध्ये कळवलं. मी तिला उत्तर दिलं नाही. तू नऊ दिवस बेशुद्ध होतीस, तेव्हा मी रोज म्हणायचे, ही डोळे उघडू दे, मी सगळं सांगेन. तू डोळे उघडलेस, आणि बोलता यायला लागल्यावर मला पहिलं विचारलंस ते, "मी असं का केलं गं?" तेव्हा सांगायला हवं होतं. मी तुझ्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ दे, झालं ते झालं." तेव्हापासून तू हा प्रश्न स्वतःला विचारते आहेस, आणि निशिकांतही तुला विचारतो. त्याचा तरी काय दोष? त्याला मीच सांगितलं.

माझं कारण विचारशील तर मला धड सांगता येणार नाही. आधी भीती होती. नंतर तू माझ्यावर इतका विश्वास टाकलास की तो जाईल याची भीती. हेमचंद्रला मी आज सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. तो म्हणाला, "तिला केव्हा सांगणार आहेस?" आणि तसाच गेला. क्षमा कर असं लिहायला मी बसलेली नाही. क्षमा मागण्यासाठी मला वेळ पुष्कळ आहे, उत्तर न देण्याचा तुला हक्क आहे.

मी आजच लिहिते आहे त्याचं कारण काल तू भाजी निवडता निवडता जे सांगितलंस ते आहे. निशिकांत डिसेंबरात गार्गीला घेऊन कायमचा पुण्याला जाणार, तू इथे एकटी राहणार, आणि पोरीचा ताबा त्याच्याकडे देणाऱ्या कागदावर तू मंगळवारी अकरा वाजता वकिलाकडे सही करणार. मी विचारलं, तुला चालेल हे? तू म्हणालीस, "जिला थांब म्हटलेलं कळत नाही, अशा बाईवर पोर कसं सोपवायचं?" किती शांतपणे म्हणालीस ते. उल्का, तुझ्या पाया पडते, सही करू नकोस. या पत्रात लिहिलंय तेच सगळं मी आज सकाळी निशिकांतला कळवलंय, त्याच्या वकिलाला आणि बोताकोझलाही, माझ्या नावानिशी. हे पत्र मी आता स्वतः येऊन तुझ्या दाराखालून सरकवणार आहे आणि बेल न वाजवता परत फिरणार आहे. मंगळवारी साडेदहाला मी वकिलाच्या दारात उभी असेन. तू मला ओळख दाखवू नकोस, माझ्याशी बोलू नकोस, पण जो विचारेल त्याला मी सांगेन. गार्गी तुझी आहे. तुला थांबायचं कळत होतं. सकाळी तंबूत तू थांबली होतीस, आणि त्या राशीपाशी पुन्हा थांबली होतीस. दोन्ही वेळा तुला मी पुढे ढकललं.

तू अजून म्हणू देशील तर तुझीच,
मीनल