देवाच्या रायीतली रानमोडी

खालचीवाडी, ता. कुडाळ
२० ऑक्टोबर १९८४

ती. सौ. अक्कास,
धाकट्या विश्रामचा शि. सा. न.

मुंबईची नोकरी सोडून काजू लावले तेव्हा तू हसलीस. आता रडायला ये. कलमांवर माजलेलं झुडूप रानमोडी आहे, असं दोडामार्गचे काजूवाले भिकाजी सांगून गेले. पानावर तीन शिरा, चुरगळलं की उग्र वास. कापलं तर दुपटीनं फुटतं, म्हणून फुलायच्या आत मुळासकट उपटायचं. परवा कोयती पायावर बसली, तर तुझ्या भावजयीनं, सुगंधानं, ह्याच पाल्याचा रस पिळून रक्त थांबवलं. वर त्या मेल्याचे उपकारही!

बाग उपटून साफ केली गो. पण वरच्या अंगाला देवाची राय, देवासाठी राखलेलं रान, तिथलं बी वाऱ्यानं खाली येतं. रायीत हात लावायचा तर देवाचा कौल हवा. गुरवानं पाषाणाला कळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार. डावी पडली.

तुझा
विश्राम

मुंबई
३ नोव्हेंबर १९८४

चि. विश्रामास,
अ. उ. आ.

पाल्यावर विसंबू नको शहाण्या, धनुर्वाताचं इंजेक्शन घे. देवावर रागावू नये, पण मी रागावलेय. पुन्हा कौल लाव. कोयती नको, नुसत्या हातानं उपटू का, असं विचार. नाहीच म्हणाला तर गुपचूप जा. पाप माझ्या माथी. सुगंधाला खचू देऊ नको.

माया आहेच, ती कळवावी लागत नाही.
अक्का

खालचीवाडी
१४ जानेवारी १९८५

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न.

पुन्हा डावाच कौल. गुरव म्हणाले, गावाचा रगत थांबवणारा औषध ता, कित्याक उपटतंस? गुपचूप जायला माझे पाय उचलेनात. मग सुगंधाच रायीत गेली. चढावर पोचली तर नजर जाईल तिथवर पांढरी फुलं. हातातली उपटलेल्या झुडपांची जुडी खाली ठेवून तिथंच बसून राहिली. मी जाऊन तिला घरी आणली.

राग नसावा.
विश्राम

खालचीवाडी
९ डिसेंबर १९८५

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न.

यंदा कलमं दिसत नाहीत. झाड कुठलं नि झुडूप कुठलं, आत हात घालून चाचपावं लागतं. उपटायचं मी सोडून दिलंय. सुगंधा म्हणाली, पुरे झाला आता. म्हणून देवाला विचारलं, गाव सोडून मुंबईस जाऊ? गुरवाचं देवापुढचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी कळी पडली. देवान तुका मोकळो केल्यान, म्हणून त्यांनी खुशीनं पाठ थोपटली. मला हुंदका आवरेना गो.

तुझा लोभ आहेच. आता खोलीत थोडी जागाही असावी.

विश्राम