एका देवमाशाचे पाच देवमासे

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालायचा तर कंबर परत उठू देत नाही, पण कागदावर अजून जमतो.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम रोज करतेस असं तू सांगतेस आणि अजिबात करत नाहीस असं आतोबा सांगतात. मी शास्त्राची माणूस असल्याने आतोबांचं धरून चालते, कारण खोटं बोलून त्यांना काही मिळायचं नाही. आम्ही इकडे ठीक आहोत. नवरा लोकांच्या दाढा कोरतोय आणि मी हाडं. फरक एवढाच, की त्याची गिऱ्हाइकं ओरडतात.

मागे घरच्या सगळ्यांसमोर तू विचारलं होतंस, की ही चाळिशीला आली, पण ही नेमकं करते काय? तेव्हा माझ्या तोंडात घास होता, म्हणून उत्तर राहून गेलं. तर आत्या, मी मेलेल्या देवमाशांची नातीगोती शोधते. शेकडो वर्षं जुन्या हाडातही डीएनएचे बारीक तुकडे उरलेले असतात. हाडाला भोक पाडायचं, चिमूटभर पावडर काढायची, मग पांढरा झगा, हातमोज्यांवर हातमोजे आणि तोंडावर मास्क असा अवतार करून ती प्रयोगशाळेत धुवायची, गाळायची. त्यावरून हा प्राणी कुठल्या जातीचा, कुणाच्या कुळातला आणि त्याच्या काळी समुद्रात त्याचा गोतावळा केवढा होता, याचा अंदाज बांधायचा. भाऊबंद एकमेकांपासून जितके वेगळे, तितका गोतावळा मोठा असावा, असा साधारण हिशेब. (आपल्या घराण्याला तो लागू पडत नाही. आपण मोजकेच आहोत आणि तरी कुणाचं कुणाशी जुळत नाही.)

या कामातल्या आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे 'प्रस्तावना' म्हणतो. माणूस विद्वान आहे, पण त्यांचा थोर ग्रंथ मी नोकरीला लागले तेव्हा प्रस्तावनेत होता आणि आजही तिथेच आहे. गेल्या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं, की शहरातल्या संग्रहालयात छताला टांगलेला जो देवमाशाचा सांगाडा आहे, त्याचा नमुना घ्यावा. हा सांगाडा म्हणजे शहराची शान. खाली संगमरवरी फलक आहे, की या महाकाय देवमाशाला अमुक यांनी एकट्याने, एका भाल्याने, भर वादळात ठार केले. त्या अमुकांचे पणतू आज संग्रहालयाचे मुख्य विश्वस्त आहेत. त्यांना सगळे पणतूसाहेबच म्हणतात. पणतू असणं याखेरीज त्यांनी काही केल्याचं कुणाला आठवत नाही, पण ते मात्र त्यांनी आयुष्यभर मन लावून केलं आहे.

परवानगी मागायला गेलो तेव्हा पणतूसाहेबांना वाटलं, आम्ही पणजोबांची शौर्यगाथा शास्त्राने सिद्ध करायला आलो आहोत. प्रस्तावनांनी हा गैरसमज दूर केला नाही. उलट त्यावर तूप सोडलं. ते म्हणाले, डीएनएवरून मासा केवढा खवळलेला होता हेदेखील कदाचित कळेल. (हे कळत नाही. माशाचं सोड, जिवंत माणसाचंही कळत नाही. कळत असतं तर मी तुझ्याकडे यायच्या आधी तुझा नमुना मागवला असता.) परवानगी मिळाली. एका हाडात काही उरलं नसेल तर काय, म्हणून कवटी, जबडा, बरगडी, मणका आणि पंखाचं हाड अशा पाच जागी भोकं पाडायचं ठरलं.

त्या दिवशी मी शिडीवर चढले, कवटीला ड्रिल लावलं आणि ते धूर सोडून बंद पडलं. खाली पणतूसाहेब, दोन विश्वस्त आणि एक फोटोग्राफर माना वर करून उभे. प्रस्तावनांनी मला न विचारता माझ्या नवऱ्याला फोन लावला. तो दवाखाना सोडून त्याचं दातांचं मशीन आणि नवीकोरी पाती घेऊन आला, वर चढला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने कवटीला म्हणाला, जरा मोठा आ करा. काम झाल्यावर चूळ भरायला सांगणार होता, पण मी त्याच्या पायावर पाय दिला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात पणतूसाहेब आहेत, प्रस्तावना आहेत, नवरा आहे, आणि माझी शिडीवरची डावी चप्पल आहे.

मग निकाल आला. पाच हाडं पाच वेगवेगळ्या देवमाशांची निघाली. जबडा तर जातीनेच निराळा. आणि वय तपासून घेतलं तेव्हा कळलं, की त्यातला एकही मासा पणजोबांच्या हयातीतला नाही. पणजोबा पाळण्यात येण्याच्या कितीतरी आधी ही मंडळी आपापल्या मरणाने किनाऱ्याला लागून वाळली होती. पणजोबांनी भर वादळात जे काही केलं असेल, ते फार तर वाळूतून हाडं वेचणं आणि तारेने बांधणं.

मी निकाल घेऊन प्रस्तावनांकडे गेले. त्यांचा चेहरा पडला. शास्त्राच्या दृष्टीने सोन्याची खाण हाती लागली होती, पण पणतूसाहेबांनी प्रयोगशाळेला नवी इमारत देण्याचा शब्द दिला होता, आणि खाण व इमारत एकाच जागी बसेना. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, की ही गफलत बहुधा माझ्या हातून झाली असावी, नमुन्यांत भेसळ झाली असावी, आणि विश्वस्तांना तसं कळवणं सगळ्यांच्या सोयीचं होईल. सगळ्यांच्या म्हणजे माझ्याखेरीज सगळ्यांच्या. माझं कंत्राट संपत आलं होतं, आणि कामात भेसळ करणारी बाई म्हणून एकदा नाव झालं की दुसऱ्या प्रयोगशाळेत झाडूही मिळत नाही. मी भांडले नाही. (तू मला लहानपणी भांडायला शिकवलंस, पण आईने कधी भांडू नये हे शिकवलं.) उरलेली पावडर मी दूरच्या एका प्रयोगशाळेला पाठवली आणि हाडं कुठली हे त्यांना सांगितलं नाही. त्यांचा निकाल आला तो माझ्या निकालाशी तंतोतंत जुळला. प्रस्तावनांनी तो वाचला आणि म्हणाले, पहिल्यापासून आपल्याला हीच शंका होती.

विश्वस्तांची बैठक त्या सांगाड्याच्या खालीच भरली. आठवडाभर निकाल समजावून सांगायचा सराव करणारे प्रस्तावना ऐन वेळी, आता आमच्या सहकारी बाई बोलतील, असं म्हणून खाली बसले. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बाकीचे विश्वस्त तक्रार, बदनामी, वकील असं काहीबाही बोलत होते. पणतूसाहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं,

"म्हणजे त्यांनी एकही मारला नाही?"

"नाही," मी म्हटलं. "एकही नाही."

आत्या, मी या माणसाची टिंगल करत वर्ष काढलं होतं, पण तेव्हा मला काहीतरी झालं. सत्तरीचा माणूस, लहानपणी वडिलांचा हात धरून इथे यायचा, मान वर करून बघायचा, आणि आता बघायला काही उरलं नाही. म्हणून मी त्यांना एक गोष्ट सांगितली, जी प्रस्तावनांनी अहवालात शेवटच्या पानावर ढकलली होती. यातले चार देवमासे एकाच जातीचे, पण चौघांच्या आयांची कुळं वेगळी. आज आपल्या किनाऱ्याजवळून त्याच जातीचे जे देवमासे जातात, त्यांतल्या कितीतरी जणांच्या कातडीचे नमुने आम्ही तपासलेत. ते सगळे एकाच घरातली पोरं असावीत इतके सारखे. मधल्या काळात शिकारीच्या बोटी आल्या आणि बाकीची कुळं बुडाली. मी म्हटलं, "तुमच्या पणजोबांनी तारेने जे बांधून ठेवलंय, तेवढं आता समुद्रात नाही."

 त्यांनी चष्मा परत लावला आणि वर बघितलं. जाताना माझ्या हातात हात देऊन गेले. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, की माणूस बदलतो, सत्याने बदलतो. तो म्हणाला, दाढ बदलते, माणूस नाही.

पुढच्या महिन्यात नवा फलक लागला. 'या पाच महाकाय देवमाशांना अमुक यांनी एकट्याने, एका भाल्याने, भर वादळात ठार केले.' खाली बारीक अक्षरात: 'शास्त्रीय चाचणीने सिद्ध.' मी धावत प्रस्तावनांकडे गेले. ते म्हणाले, पाच हा आकडा तर बरोबर आहे ना. नव्या इमारतीचा पाया खणून झाला आहे. आमचा शोधनिबंधही छापून आला. त्यात पहिलं नाव प्रस्तावनांचं, दुसरं पणतूसाहेबांचं, आणि शेवटी आभारात माझ्या नवऱ्याचं, दंतवैद्यकीय साहाय्याबद्दल. माझं नाव शोधायला मी भिंग घेतलं नाही, कारण भिंग प्रयोगशाळेचं होतं आणि माझं कंत्राट संपलं होतं.

असो. आतोबांना नमस्कार सांग. गुडघ्याला जप.

तुझी भाची

ता. क. : खरं तर पत्र लिहायचं कारण राहूनच गेलं. तुझ्या मागच्या दारी नळाखाली जो गोल, खरबरीत दगड आहे, ज्यावर तू बसून कपडे धुतेस, तो दगड नाही. गेल्या खेपेला मी नीट पाहिलं, तो देवमाशाचा मणका आहे. मला त्यातली चिमूटभर पावडर हवी आहे. भोक शेंगदाण्याएवढंही पडणार नाही, बसताना टोचणार नाही. तोवर कृपा करून त्यावर ब्लीच ओतू नकोस, त्याने डीएनए मरतो. आणि तो तिथे कुठून आला हे आतोबांना विचारू नकोस. ते काहीतरी सांगतील आणि मग ते मला खोडून काढावं लागेल.

आणखी ता. क. : हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. पणतूसाहेबांनी मला संग्रहालयात कायमची नोकरी देऊ केली आणि मी हो म्हटलं आहे. बाबांना मीच सांगेन. पणतूसाहेब नवा फलकही बदलायला तयार आहेत, मजकूर मी लिहायचा आहे. फक्त त्यांना अक्षरं मोठी हवी आहेत, संगमरवर तेवढाच आहे, आणि खरी हकीकत जरा लांबलचक आहे. बघते काय बसतंय ते.