मागे बसणारा माणूस

पांढुर्णा,
१० ऑगस्ट २०२५

चि. प्रज्ञा हिस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत. फोनवर तू ‘हो’ आणि ‘बरं’ एवढंच म्हणतेस, मग मलाही काही सुचत नाही, म्हणून कागद घेतला. नगरपालिकेच्या पंपावर आयुष्य गेलं, लिहायची सवय सुटली आहे. अक्षराला हसू नको.

काम तुझ्या खात्यातलं आहे. सावरगावचा वामन वेल्डिंगवाला घरी आला होता. अंगणात ताडपत्रीखाली आपल्या अंकुशची मोटरसायकल उभी आहे, ती त्यानं उघडून पाहिली. म्हणतो, मागचं एक चाक काढून दोन लावून देतो. तीन चाकांवर डावा पाय नसला तरी चालते. गिअर पायाऐवजी हातात देतो. मी म्हटलं, पोरीला विचारतो. त्यावर तुझी आई म्हणाली की लेकरं रांगतात मग चालतात, तुमचं उलटं चालू आहे, आता रांगणारी गाडी पायजे झाली. दोन दिवस माझ्याशी बोलून नाही राहिली.

अंकुश गेल्यापासून दवाखाना सोडून मी गल्लीच्या तोंडापलीकडे गेलो नाही. दवाखान्यातही दुसऱ्याच्या रिक्षात, पार्सलसारखा. तू पुण्यात रोज गाड्या तपासतेस. तीन चाकांचे फायदे काय, तोटे काय, सगळं लिही. माझ्याकडे पाहून लिहू नको, गाडीकडे पाहून लिही. तू नाही म्हटलंस तर ताडपत्री तशीच राहील.

आणखी एक. दोन चाकांच्या गाडीवर मागे बसणारा माणूस वळणावर झुकला नाही, सरळच बसून राहिला, तर गाडी पडते काय? सहज विचारून राहिलो.

जेवत जा. उत्तराची वाट पाहतो, आणि तुझीही.
तुझा बाबा,
गुलाब


पुणे,
१७ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

पत्र मिळालं. तब्येत ठीक आहे. जेवण वेळेवर होतं. अक्षर चांगलं आहे.

तीन चाकांची गाडी थांबली की उभी राहते, पाय टेकावा लागत नाही. तुमच्यासाठी हा मुख्य फायदा. सामान जास्त नेता येतं. चढावर हँडब्रेक लावून थांबता येतं. गिट्टीवर पुढचं चाक सरकलं तरी ती आडवी होत नाही. हाही फायदाच.

आता तोटे. मोटरसायकलची दोन चाकं एका रेषेत धावतात, खड्डा चुकवता येतो. इथे तीन रेषा आहेत. एक चाक वाचवलं तर दुसरं खड्ड्यात जाईल, आणि पांढुर्ण्याचे रस्ते मी पाहिलेले आहेत. गाडी रुंद होईल, तेव्हा आधी आपलं फाटक मोजा. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की बसवली तर वळताना एक चाक फरपटत येतं. वामनकाकांना सांगा, मालवाहू रिक्षाचं डिफरन्शियल घाला, म्हणजे दोन्ही चाकं आपापल्या वेगाने फिरतील. ते घालणार नसतील तर माझं उत्तर नाही असं समजा.

सगळ्यात मोठा तोटा वळणावर आहे. दोन चाकी गाडी वळणात आत झुकते. तीन चाकी झुकत नाही, बाहेरच्या बाजूला कलंडायला बघते. आमच्याकडे गाडी एका मोठ्या फळीवर बांधून फळी हळूहळू तिरपी करतात आणि वरच्या बाजूचं चाक कधी उचललं जातं ते पाहतात. तीन चाकीचं लवकर उचललं जातं. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. शरीर झुकवून ती वळत नाही, हँडल फिरवावं लागतं. जुने मोटरसायकलवाले नेमके इथेच चुकतात.

आरटीओकडून पास होईपर्यंत रस्त्यावर आणायची नाही. तोवर मैदानात.

हे सगळं पाळणार असाल तर माझं उत्तर ‘हो’ आहे.

आईला जयभीम सांगा. तुमची माया आहे तशी राहू द्या.
तुमची,
प्रज्ञा


पांढुर्णा,
२९ ऑगस्ट २०२५

चि. प्रज्ञाले,
तुझ्या आईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पोळा झाला, सावरगावासंग दगडफेकीची गोटमार झाली. शेजारच्या पोराचं डोकं फुटलं. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून सावरगावच्याच टपरीवर चहा पीत बसला होता, आणि त्याची माय घरी रडून राहिली होती. वामनभाऊचं दुकान त्यापायी बंद होतं. मले वाटलं, बंदच राहावं. पण उघडलं. काल ते हातगाडी घेऊन आले आणि अंकुशची गाडी घेऊन गेले. अंगणात तेलाचा डाग राहिला आहे, तो मी धुतला नाही.

तू हो काऊन म्हटलं? मी तुले फोनवर सांगितलं होतं, नाही म्हण, ते तुझंच ऐकतात. तू ‘बरं’ म्हटलं आणि केलं आपल्याच मनाचं. बापावर गेली.

आता जे सांगते ते नीट वाच. तुझं पत्र आलं तेव्हा बाबांनी दोन-तीनदा वाचलं. मग कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. लिफाफ्यात बोटं घालून पाहिलं. मी विचारलं काय हरवलं, तर म्हणाले, काही नाही.

तुले माहीत नाही, कारण तू विचारत नाहीस आणि ते सांगत नाहीत. त्या दिवशी सौसरहून नवीन चष्मा घेऊन दोघं बापलेक निघाले. अंकुश त्यांना नेहमी म्हणायचा की मी झुकलो की तुम्ही बी झुका, पोत्यासारखे बसू नका. गिट्टी सांडलेल्या त्या वळणाले लागून संत्र्याची बाग आहे. चष्म्यातून झाडावरचं फळ न फळ वेगळं दिसून राहिलं होतं म्हणतात. ते पाहत सरळ बसून राहिले, आणि तेवढ्यात गाडी घसरली. दवाखान्यात शुद्धीवर आले तर पायाचं नाही विचारलं, मी झुकलो नाही हेच बोलले. तेव्हापासून चष्मा लावत नाहीत. तुझं पत्र बी नाकाजवळ धरून वाचलं.

तू शिकलेली आहेस. खोटं लिहू नको. खरं माहीत असंल तर लिही. माहीत नाही असं लिहिलं तरी चालंल. पण कागद कोरा ठेवू नको.

डोक्याले तेल लावत जा. माझा राग आहे, पण जीव त्याहून जास्त आहे.
तुझी आई,
प्रमिला


पांढुर्णा,
१४ सप्टेंबर २०२५

चि. प्रज्ञा हिस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

गाडी झाली. डिफरन्शियल घातलं. फाटकातून दोन्हीकडे चार-चार बोटं सोडून निघते. टाकी अंकुशचीच ठेवली, रंगही तोच. वामन नवीन मारतो म्हणत होता, मी नको म्हटलं.

पहिली फेरी नदीकाठच्या मैदानात घेतली. तुझं पत्र मला पाठ होतं, पण अंगाला कुठं वाचता येतं? वळण आलं, मी झुकलो, हँडल तसंच राहिलं आणि गाडी सरळ जाऊन वामनच्या विटांच्या ढिगात शिरली. मला काही झालं नाही. गाडी पडलीसुद्धा नाही, विटांत तोंड खुपसून म्हशीसारखी उभी राहिली. वामन ओरडला की गुलाबभाऊ, विटांना वाकून जयभीम करून राहिले काय, त्या उत्तर नाही देणार. सगळे हसले. तुझी आई बघायला येणार नव्हती, पण झाडामागे उभी होती. तीही हसली. पदर तोंडाला लावून, पण हसली. मग घरी येऊन खूप वेळ भांडी घासत बसली.

चूक सवयीची आहे. अंकुशच्या मागे बसून चार वर्षं झुकलो. एकदाच नाही झुकलो.

मी तुला एक विचारलं होतं, ते कामाच्या घाईत राहून गेलं असेल. राहू दे. पुन्हा विचारत नाही.

सुट्टी मिळाली तर ये. नाही मिळाली तरी आठवण काढत राहा, आम्ही काढतो.
तुझा बाबा,
गुलाब


पुणे,
२१ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

राहून गेलं नव्हतं. उत्तर मला तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी माहीत होतं.

मागे बसणारा सरळ बसून राहिला तर चालवणाऱ्याला गाडी किंचित जास्त झुकवावी लागते. एवढाच फरक पडतो. चाक सरकेल की नाही हे वेगावर, वळण किती आवळलेलं आहे त्यावर आणि रस्त्याच्या पकडीवर ठरतं. मागचा माणूस झुकला होता की संत्री बघत होता, हे त्या हिशेबात येत नाही. कमी येतं असं नाही. येतच नाही.

तरी मी करून पाहिलं. इथे उर्वशी नावाची माझी सहकारी चाचणीसाठी गाड्या चालवते. आमच्या ट्रॅकवर मी तिच्या मागे बसले. काही फेऱ्या तिच्याबरोबर झुकून, काही सरळ बसून. मी कधी कशी बसले होते ते तिला ओळखता आलं नाही. कशाची चाचणी आहे असं तिने विचारलं. घरचं काम आहे, एवढंच मी सांगितलं.

आधी लिहिलं नाही, त्याचं कारण वेगळं आहे. तुम्हाला हिशेबातून काढलं की गिट्टी उरते, वळण उरतं आणि वेग उरतो. गाडी अंकुश चालवत होता. वेग किती होता ते मला माहीत नाही, आणि आता ते मोजता येणार नाही. तो भाग मला लिहायचा नव्हता. आजही लिहायचा नव्हता. पण कोरा कागद आईला चालत नाही.

मागच्या पत्रात एक दुरुस्ती. शरीर झुकवून तीन चाकी वळत नाही हे बरोबर आहे. पण हँडल फिरवल्यावर आतल्या बाजूला झुकलं तर आतलं चाक जमिनीवर राहायला मदत होते. त्यामुळे सवय मोडू नका. आधी हँडल, मग झुकणं.

चष्मा लावा. चष्मा नसेल तर माझा ‘हो’ मागे घेतला असं समजा.

अशोक विजयादशमीला येते आहे. तोवर गाडी पास झाली नसेल तर मैदानातच फेरी घेऊ. चालवा तुम्ही, मागे मी बसेन. वळणावर तुम्ही झुका. मी सरळ बसून राहणार आहे.

आईला सांगा, तेल लावते आहे. दोघांची माया असू द्या.
तुमची,
प्रज्ञा