धाग्याचा स्क्रू

आप्पा, काल दुकानात एक मास्तर आले होते. निवृत्त झाल्यावर हौस म्हणून त्यांनी औरंगाबादेहून नवे हाय-फाय स्पीकर आणले, चांगले कमरेएवढे उंच, आणि घरातल्या जुन्या अँप्लिफायरला बेलच्या तारेने जोडून टाकले. आवाज बसका येतो, अशी तक्रार. मी त्यांना स्पीकरच्या पाठीवरचा ओहमचा आकडा दाखवला, अँप्लिफायरच्या पाठीवरचा दाखवला. म्हटलं, सोयरीक जमवताना दोन्ही घरं बघतो ना आपण, तसंच हे. आणि तार जाड घ्या, तिथे चिक्कूपणा नको. मास्तर खूश झाले. जाता जाता त्यांनी जांबच्या रामनवमीचा विषय काढला. त्यांनी काय विचारलं आणि मी काय सांगितलं, ते शेवटी लिहिते. लगेच लिहायची हिंमत नाही.

तुम्ही आयुष्यभर लाउडस्पीकरचे कर्णे बांधले. कर्ण्याची तार लांब, पार वेशीपर्यंत जायची, म्हणून ती अँप्लिफायरच्या मागे हंड्रेड व्होल्टच्या स्क्रूला. स्क्रूंच्या रांगेत तो एका टोकाला, जवळच्या बॉक्ससाठीचा चार ओहमचा दुसऱ्या टोकाला. मांडवात अँप्लिफायरची पाठ कायम कनातीला टेकलेली असायची, त्यामुळे तुम्ही मागे हात घालून, न बघता, बोटांनीच जोडणी करायचात. हात चुकू नये म्हणून हंड्रेड व्होल्टच्या स्क्रूखाली लाल धागा बांधलेला. तीन वेढे आणि वर कर्णा टांगायची तुमची ती गाठ, जी मला कधीच जमली नाही. मोठा अँप्लिफायर आणि दोन नवे बॉक्स स्पीकर घेतलेत, तेव्हा पूजा झाल्याबरोबर त्या नव्या अँप्लिफायरलाही तुम्ही सवयीने तसाच धागा बांधलात.

मी तेव्हा पॉलिटेक्निक करून परतूरला परत आले होते, तोरा होताच. रामनवमी चार दिवसांवर आलेली. मी म्हटलं, "आप्पा, हे बॉक्स धाग्याच्या स्क्रूला लावले तर अँप्लिफायर जळेल. दुसऱ्या टोकाला लावायचे. आणि ही बारीक तार चालणार नाही." दुकानात मोंढ्यातले दोन अडते चहा पीत बसलेले. तुम्ही त्यांच्याकडे बघून हसलात. "लई शिकून आली माझी माय! मंग मी वीस वर्षं काय झांजा वाजवून राह्यलो का? पुस्तकाला कान असतेत का गं?" ते दोघे चहा सांडेपर्यंत हसले. माझ्या कानशिलांची आग झाली. तुमच्याशी मी दोन दिवस धड बोलले नाही, तुम्हीही बोलला नाहीत. आपण दोघं एकाच माळेचे मणी.

निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही जेवायला घरी गेला होतात. मी कात्रीने धागा कापला आणि नवा तुकडा चार ओहमच्या स्क्रूखाली बांधला, साध्या गाठीने. विचार सोपा होता. आप्पांचा हात न बघता धाग्याकडेच जाणार, तर मग धागाच योग्य जागी असू दे. त्यांचाही मान राहील, अँप्लिफायरही वाचेल. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

सकाळी टेम्पोत सामान चढवताना मला जाड तारेचं नवं कोरं बंडल दिसलं. मी काही विचारायच्या आत तुम्ही म्हणालात, "बघून काय राह्यली? चढव जल्दी." म्हणजे तुम्ही माझं ऐकलं होतं. मग लक्षात आलं. तारेचं ऐकलं, तर स्क्रूचंही ऐकलं असेल, आणि ऐकलं असेल तर तुमचा हात आता धागा सोडून दुसऱ्या टोकाला जाणार, म्हणजे नेमका हंड्रेड व्होल्टला. तिथेच सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे तुमच्या पाठीमागे तुमच्या अँप्लिफायरला हात लावला, हे कबूल करायचं. घनसावंगीपर्यंत मी शब्द जुळवत होते. जांब आलं तरी जुळले नाहीत.

मांडव माणसांनी फुललेला आहे. लाईट गेलेली, आणि नवा अँप्लिफायर बॅटरीवर चालत नाही. रामजन्माला दहा मिनिटं उरलेली असताना लाईट येते. तुम्ही कनातीशी वाकलेले, हात मागे. मी माणसं ओलांडत येते. "आप्पा, थांबा जरा!" "आता कायचं थांबा? बुवा कीर्तनाला उभे हायेत." "आप्पा, तो धागा—" "म्हाईत हाय मला, माय. बराबर लावलंय." आणि तुम्ही बटण दाबता. बुवांचा पहिला शब्द फाटून येतो, दुसरा येतच नाही. जळक्याचा वास सुटतो. बारा वाजले तेव्हा पुढच्यांनी गुलाल उधळला, मागच्यांना काही ऐकूच आलं नाही. त्यांनी पुढचा लाल ढग बघून मग उधळला. रामजन्म मांडवात दोनदा झाला, असं लोक पुढे कित्येक वर्षं हसत सांगायचे.

तुम्ही बुवांची माफी मागायला गेलात, तेवढ्यात मी तारा ओढल्या, धागा सोडला आणि परत जुन्या जागी बांधला. कशीबशी एक साधी गाठ मारली. टेम्पोत तुम्ही एकच वाक्य बोललात: "तू सांगितलं तसंच लावल्तं गं. माझाच हात चुकला असन." त्या दिवसापासून तुम्ही जोडणीला हात लावला नाही. टेस्टर माझ्या हातात दिलात आणि स्वतः तारा गुंडाळत बसायला लागलात, वीस वर्षं मुरलेला कारागीर माणूस. गावात कोणी विचारलं तर म्हणायचात, "न्हाई बाबा, वय झालं. आता लेकच बघती सगळं."

तो जळका अँप्लिफायर तुम्ही मला कधी दुरुस्त करू दिला नाहीत. फडताळावर होता, कापडात गुंडाळून. तुम्ही गेल्यावर वर्षाने मी तो खाली काढला. धागा हंड्रेड व्होल्टच्या स्क्रूखालीच होता. तीन वेढे, आणि वर कर्णा टांगायची ती गाठ.

म्हणजे माझी गाठ तुम्ही पाहिलीत आणि सोडून आपली बांधलीत. कधी, ते मला माहीत नाही. सगळं कळूनही तुम्ही तारा गुंडाळत बसलात. मला रडू नंतर आलं, आप्पा, आधी तुमचा रागच आला. एकदा शिव्या दिल्या असत्यात तर मी सुटले असते.

काल मास्तरांनी विचारलं, "जांबला मी होतो त्या साली. एवढा जाणता माणूस, कसा काय हात चुकला हो त्यांचा?" दुकानात आम्ही दोघंच होतो. सांगायला काही अडचण नव्हती.

मी म्हटलं, "वय झालं होतं."